दोन सतरा

चौतीस मैलांच्या त्या रस्त्यावर बरोबर मधोमध एक बसथांबा आहे. त्याचं नाव 'दोन सतरा'. कंडक्टर "एक दोन सतरा" म्हणत तिकीट फाडतो आणि नवखा प्रवासी आपण नक्की किती तिकिटं घेतली या विचारात पडतो. थांब्याला छप्पर नाही, बाक नाही, साधी पाटीसुद्धा नाही. आहेत ते दोन दगड. मांडीएवढ्या उंचीचे, डोक्याला गोल, चुन्याने रंगवलेले मैलाचे दगड. दोन्हींच्या दोन्ही बाजूंना एकच आकडा, सतरा. इकडच्या शहरापासून सतरा मैल, तिकडच्या शहरापासून सतरा मैल. इथवर सगळं ठीक आहे. पण दगड दोन आहेत आणि त्यांच्यात त्र्याण्णव फुटांचं अंतर आहे. म्हणजे सतरा मैल झाले म्हणून माणूस हुश्श करतो आणि चाळीस पावलं जात नाहीत तोच पुन्हा सतरा मैल होतात.

लोकांनी या दगडांना हव्या तशा गोष्टी चिकटवल्या. कोणी म्हणतं, दोन राज्यांची हद्द इथे होती आणि मधले त्र्याण्णव फूट कोणाच्याच मालकीचे नव्हते. कोणी म्हणतं, एक दगड नवऱ्याचा आणि एक बायकोचा. नवीन लग्न झालेली जोडपी मधल्या जागेत उभी राहून फोटो काढतात, ते कशासाठी हे त्यांनाही सांगता येत नाही. पुढे मैल गेले, किलोमीटर आले. जुने दगड उपटण्याची यादी निघाली. यादीत सतरा नंबरचा दगड एकच होता आणि जागेवर निघाले दोन. उपटायला आलेल्या टोळीने कुठला उपटायचा असं कार्यालयाला लेखी विचारलं. उत्तर अजून यायचं आहे. बाकीचे दगड कोणाच्या दारात पायरी झाले, कोणाच्या मोरीत कपडे धुवायला गेले. हे दोघे तेवढे राहिले.

खरी गोष्ट एका माणसाला माहीत होती, आणि तो अडतीस वर्षं गप्प बसला होता. त्याला सगळे मुकादम म्हणत. नोकरी सुटून सोळा वर्षं झाली तरी मुकादमच. चौऱ्याहत्तर वय, ताठ कणा आणि मापाचं वेड. घराच्या फाटकापासून दूधवाल्यापर्यंत दोनशे बारा पावलं, हे त्याला पाठ. सूनबाईने पडद्याचं कापड आणलं की हा आधी दोन बोटांनी धरून सांगायचा, "तीन इंच कमी दिलंय त्याने." आणि तीन इंच कमीच असायचं. दुकानदार त्याला टरकून असत. खोटं त्याला खपत नसे. कोणी गप्पांत थोडं मीठमसाला लावून सांगायला लागलं की हा मध्येच हात वर करून म्हणायचा, "थांब. पाहिलंस की ऐकलंस?" त्यामुळे त्याच्याशी गप्पा मारायला फारसं कोणी येत नसे, पण साक्षीला मात्र सगळे त्यालाच बोलवत.

अशा माणसाच्या दारात एका सोमवारी सकाळी भूगोलाच्या बाई येऊन उभ्या राहिल्या. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. पोरांना आयुष्यभर दूरदूरचे डोंगर आणि नद्या शिकवल्या, आणि आपल्याच रस्त्याच्या कडेला काय आहे ते आपल्याला ठाऊक नाही, हे त्यांना निवृत्तीनंतर खटकायला लागलं. म्हणून त्या दीड वर्षं हा एकच रस्ता पालथा घालत होत्या. लोक ज्यांच्यासमोरून रोज जातात आणि ढुंकूनही बघत नाहीत अशा एकतीस जागांचं पुस्तक त्या काढत होत्या. शुक्रवारी ते छापखान्यात जायचं होतं.

"जिथे जाते तिथे लोक म्हणतात, मुकादमांना विचारा," बाई म्हणाल्या. "एक दिवस माझ्याबरोबर चला. मी लिहिलंय ते खरं की खोटं तेवढं सांगा."

खरं-खोटं म्हटल्यावर मुकादम पायांत चपला सरकवूनच बाहेर आला.

बाईंची गाडी छोटी होती आणि ती चालवण्याची पद्धत शाळा सुटल्यासारखी होती. पहिला मुक्काम हवेतल्या दाराचा. एका दुमजली इमारतीच्या भिंतीला वरच्या मजल्यावर दार आहे, रंगीत, कडीकोयंड्यासकट, आणि खाली जिना नाही. बाईंनी लिहिलं होतं की एका सावकाराने देणेकऱ्यांना चुकवण्यासाठी ते बांधलं.

"खोडा ते," मुकादम म्हणाला. "जिना होता. लाकडी. दोन भावांनी इमारत वाटून घेतली तेव्हा दार एकाच्या वाट्याला गेलं आणि जिना दुसऱ्याच्या. त्याने तो काढून नेला."

पुढे कोरडा पूल लागला. पाच कमानींचा देखणा पूल, आणि खाली नदी नाही, नालाही नाही. कमानींखाली एकाने सायकलदुरुस्तीचं दुकान थाटलंय. नदीने रस्ता बदलला, असं बाईंनी मोठ्या काव्यमय भाषेत लिहिलं होतं. मुकादमाने ते वाचून मान हलवली. नदी होती तिथेच होती, अर्धा मैल पलीकडे. नकाशा उलटा धरल्याने पूल इकडे झाला आणि झाल्यावर तो मोडायला कोणाचा हात धजला नाही. मग पेटी गिळलेलं झाड आलं. झाडाच्या बुंध्यात टपालाची लाल पेटी इतकी रुतली आहे की आता फक्त तोंड दिसतं. लोक अजून त्यात पत्रं टाकतात. हे सगळं बरोबर आहे, असं मुकादमाने सांगितलं तेव्हा बाईंना फार बरं वाटलं. सकाळपासून त्यांच्या सहा पानांवर काट मारून झाली होती.

"आता दोन सतरा," गाडी सुरू करत बाई म्हणाल्या. "त्याचं काम तसं झालेलं आहे. मी तुमच्या धाकट्या भावाकडे जाऊन आले."

मुकादमाने काच खाली केली. "काय म्हणाला तो?"

"म्हणाले, चूक माझी. मोजताना एक साखळी विसरलो. मोठ्याचा दगड खरा, माझा खोटा, लिहा तसं खुशाल. इतक्या सरळपणे आपली चूक सांगणारा माणूस मी पाहिला नाही. आता तुम्ही फक्त हो म्हणा, की पान पक्कं."

मुकादम हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. त्याला पहिल्यांदा काय वाटलं असेल तर सुटल्यासारखं वाटलं. चला, मिटलं. दुसऱ्या क्षणी त्याने काच पुन्हा वर केली.

आता साखळीची गोष्ट सांगायला हवी. अडतीस वर्षांपूर्वी हा रस्ता नवा झाला तेव्हा मैलाचे दगड बसवायला दोन टोळ्या निघाल्या, दोन शहरांकडून, आणि मध्यावर एकमेकांना भेटणार होत्या. एका टोळीवर मुकादम होता, म्हणजे तेव्हा अजून नुसता टोळीप्रमुख, आणि दुसरीवर त्याचा सख्खा धाकटा भाऊ. दोघांतल्या एकाला पुढे पक्का मुकादम करणार हे ठरलेलं होतं. मोजायला शंभर फुटी लोखंडी साखळी असायची. तारेच्या कड्या आणि त्यांना जोडणाऱ्या बारीक बारीक रिंगा. ओढाताण झाली की रिंगा उघडतात आणि साखळी लांबते. म्हणून रस्तेखात्याच्या आगाराच्या ओसरीत फरशीवर शंभर फुटांवर दोन खिळे ठोकलेले असत आणि कामाला निघण्यापूर्वी साखळी त्या खिळ्यांवर लावून बघायची, असा नियम होता.

थोरल्याने साखळी खिळ्यांवर लावली. बरोबर होती. मग तो टोळी घेऊन निघाला, आणि पहिल्याच वळणावर साहेबांची जीप चरात गेली. दोर लावला, तो तुटला. साहेब घड्याळाकडे बघत होते. "साखळी लावू का साहेब, लोखंडाची आहे, तिला काय होतंय," असं थोरला स्वतःच्या तोंडाने म्हणाला. जीप निघाली. साखळी परत नेऊन खिळ्यांवर लावायला फार तर तासभर गेला असता. साहेबांच्या देखत तो तास घालवायची त्याची छाती झाली नाही. तीन आठवडे तो त्याच साखळीने मोजत गेला, सतरावा दगड बसवला, पण धाकट्याचा सतरावा दगड त्याला त्र्याण्णव फूट आधीच लागून गेला होता.

आगारात परतल्यावर त्याने साखळी खिळ्यांवर लावली. सव्वा इंच जास्त भरली. ओसरीत दुसरं कोणी नव्हतं. त्याने हातोडी घेतली आणि एकेक रिंग ठोकून बंद केली. दुसऱ्या दिवशी साहेबांनी दोघांच्या साखळ्या तपासल्या तेव्हा दोन्ही चोख निघाल्या. साखळ्या चोख म्हणजे मोजणारा चुकला. साहेबांनी विचारलं, तुमच्यापैकी एक साखळी मोजायला कोण विसरला? थोरला म्हणाला, "माझं माप बरोबर आहे." साहेबांना जीप आठवली असणारच, पण तेही मूग गिळून बसले. साखळीने जीप ओढायला लावली हे कागदावर येणं त्यांनाही परवडणारं नव्हतं. धाकटा तेव्हा एकतीस वर्षांचा. नंतरची सत्तावीस वर्षं, नोकरी सुटेपर्यंत, तो डांबराच्या भट्टीवर राहिला. मोजणीचं काम त्याला पुन्हा कोणी दिलं नाही.

भावांचं बोलणं तुटलं नाही. लग्नकार्यात भेटत, एकमेकांच्या दुखण्याखुपण्याला धावून जात. दगडांचा विषय मात्र कोणीच काढला नाही. धाकटा मनात जाणून आहे आणि मोठ्या भावाची लाज झाकतोय, अशी थोरल्याने स्वतःची समजूत घातली होती. ही समजूत त्याच्या फार सोयीची होती. झाकणारा झाकतोय, तर आपण उघडून कशाला दाखवा?

दोन सतराला गाडी थांबली. बाईंनी कॅमेरा काढला.

"तुम्ही त्या खऱ्या दगडाजवळ उभे राहा. पुस्तकात तुमचा फोटो हवाच."

मुकादम उतरला. स्वतःचा दगड समोरच होता. त्याचा आकडा त्यानेच रंगवलेला, साताच्या पोटाला त्याचा म्हणून एक खास झोक दिलेला. तो त्याच्यावरून पुढे चालत गेला. चाळीस पावलं. सवयीने मोजलीही. धाकट्याच्या दगडाजवळ जाऊन तो कॅमेऱ्याकडे तोंड करून उभा राहिला.

"अहो, तो नाही," बाई लांबून म्हणाल्या. "खरा म्हणाले मी. हा इकडचा."

"खरा हाच आहे."

बाई चालत त्याच्यापर्यंत आल्या. मग त्याने साखळी, जीप, खिळे आणि हातोडी, सगळं क्रमाने सांगितलं. मीठमसाला नव्हता आणि सबबही नव्हती. बाईंनी वही उघडली होती, पण लिहिलं काहीच नाही.

"मग तुमचे भाऊ स्वतःवर का घेतात?"

"मोठेपणा करतो. लिहा म्हणाला ना खुशाल? ती माझ्या तोंडात मारलेली चपराक आहे." मुकादमाला खरोखर राग आला होता, आणि तो कोणाचा हे त्याला नीट कळत नव्हतं. "शुक्रवारपर्यंत थांबा, बाई. छापलेलं वाचून त्याला कळायला नको. आधी मी सांगतो."

मंगळवारी सकाळच्या बसने तो निघाला. चौतीस मैलांत त्याने वाक्यं जुळवली. "तू सगळं पोटात ठेवलंस," असं पहिलं वाक्य होतं. ते म्हटलं की पुढचं आपोआप येईल असा त्याचा होरा होता.

धाकट्याचं घर म्हणजे गल्लीतल्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या. खिडकी उघडी टाकली की निम्मी गल्ली घरात. धाकटा खिडकीखाली बसून भिंतीला लावायच्या फळीवर खुणा करत होता. एकोणसत्तर वर्षांचा, डांबराच्या धुराने आवाज बसलेला. त्याची बायको पलीकडे धुतलेल्या कपड्यांच्या घड्या करत होती. तिला ऐकू कमी येतं. कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं म्हणून ती ते कपाटात ठेवते.

"ये दादा," धाकटा म्हणाला. "बस. एवढी खूण करतो." त्याने टेप लावला, पेन्सिलीने रेघ मारली. पुन्हा टेप लावला. मग तिसऱ्यांदा.

"किती वेळा मोजशील?"

"मोजलेलं बरं. आपला काही भरवसा नाही." तो हसला. "पोरं चिडवतात मला. मी म्हणतो, चिडवा, पण मोजा. तुमच्या बापाने एकदाच मोजलं होतं आणि जन्मभराची शोभा झाली."

मुकादमाचं जुळवलेलं पहिलं वाक्य तिथेच अडलं. त्याने दुसरं घेतलं. "तुझं नव्हतं चुकलं," तो म्हणाला. "माझी साखळी ताणली होती. साहेबांची जीप ओढली होती मी तिने. नंतर रिंगा ठोकून सरळ केल्या. तुझा दगड खरा आहे."

धाकट्याने टेप खाली ठेवला. मग त्याने विचारलं ते भलतंच.

"किती वाढली होती?"

"सव्वा इंच."

धाकट्याने पेन्सिल उचलली आणि त्या फळीवरच आकडे मांडायला लागला. मैलाला बावन्न साखळ्या आणि वर ऐंशी फूट. ते सतरा वेळा. त्याला सव्वा इंचाने गुणायचं. तो ओठ हलवत, सावकाश, प्रत्येक पायरी दोनदा तपासत गेला. मुकादमाला उत्तर माहीत होतं, पण सांगायचा धीर झाला नाही.

"साडेत्र्याण्णव फूट," शेवटी धाकटा म्हणाला. "जमतंय." त्याने आकड्याखाली रेघ मारली. "एक साखळी विसरलो असतो तर शंभर फूट भरायला हवं होतं, दादा. भरत होतं त्र्याण्णव. सात फूट कुठे गेले, याने माझं डोकं खाल्लं किती वर्षं. भट्टीवर उभा राहून हाच हिशोब करायचो. शेवटी म्हटलं, जो अख्खी साखळी विसरतो तो सात फूटही विसरत असेल. आणि सोडून दिलं."

मुकादम त्याच्याकडे बघत राहिला. "तुला खरंच वाटत होतं, तू चुकलास?"

"मग काय वाटणार? तू म्हणाला होतास ना, माझं माप बरोबर आहे म्हणून." धाकट्याच्या आवाजात राग नव्हता, थोडं नवल होतं. "तू कधी खोटं बोलतोस होय?"

आपल्या भावाने आपली लाज झाकली नव्हती. त्याने फक्त आपल्यावर विश्वास ठेवला होता आणि त्यापायी स्वतःवरचा घालवला होता. अडतीस वर्षं साधी फळी मोजायलासुद्धा त्याचा हात कचरत होता. हे मुकादमाला आत्ता, त्या खुर्चीवर बसल्या बसल्या, पहिल्यांदा दिसलं.

धाकटा बायकोकडे वळला. "अगं," तो म्हणाला, "माझं बरोबर होतं."

"काय?" तिने घडी करता करता विचारलं.

"माझं बरोबर होतं. दगडाचं."

"कसलं?"

"दगड," धाकटा बसलेल्या आवाजात जमेल तेवढं ओरडला. "सतरावा. माझा खरा होता. मी चुकलो नव्हतो." त्याला खोकला आला. खिडकीबाहेर जाणारा एक माणूस थांबला, समोरच्या घरातून एका बाईने डोकावून पाहिलं.

बायकोने हातातला सदरा मांडीवर ठेवला. तिने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग थोरल्या दिरांकडे. "मग इतकी वर्षं चुकलं चुकलं काय म्हणत होता? कोणी सांगितलं होतं तुम्हाला चुकलं म्हणून?"

धाकटा खोकत होता. उत्तर त्याला देता आलं असतं, पाण्याचा घोट घेऊन, दोन शब्दांत. त्याने दिलं नाही. तो फळीवरच्या आकड्यांवर हात ठेवून बसला आणि थोरल्याकडे बघत राहिला.

मुकादम उठला. खिडकी लावून घ्यावी असं त्याच्या मनात आलं, आणि तो दोन पावलं तिकडे गेलाही. मग ती तशीच उघडी ठेवून त्याने खुर्ची उचलली, भावजयीच्या कानाजवळ नेऊन ठेवली, आणि तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्या आवाजात, जीप चरात गेली तिथपासून, सांगायला सुरुवात केली.